नऊ किलोमीटरचा ओव्हरले: सरासरीत हरवलेला दीड किलोमीटर

दुभाजक असलेल्या महामार्गाची एक बाजू. दोन मार्गिका, लांबी ९ किमी. डांबरी पृष्ठभाग भेगाळला आहे, काही ठिकाणी चाकोऱ्या पडल्या आहेत आणि डागडुजी दरवर्षी वाढते आहे. प्रस्ताव एका ओळीचा आहे: संपूर्ण लांबीवर एकाच जाडीचा डांबरी ओव्हरले, म्हणजे जुन्या पृष्ठभागावर नवा थर, टाकावा. डिझायनरला विचारले आहे ते एवढेच, की जाडी किती?

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. ठिकाण काल्पनिक आहे आणि मोजमापे नमुन्याची आहेत. सूत्रे मात्र ‘आशटो’च्या (अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या) १९९३ च्या मार्गदर्शिकेतली आहेत आणि गणित पूर्ण करून दाखवले आहे, म्हणजे ज्याला हवे त्याने कागद घेऊन पडताळावे. ओव्हरलेच्या कामात जाडीचा आकडा सगळ्यात आधी मागितला जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी यायला हवा. का, ते या नऊ किलोमीटरांतच दिसेल.

हातात काय आहे

जुन्या नोंदींप्रमाणे डांबरी थर १५० मिमी, खाली खडीचा बेस २५० मिमी, त्याखाली सबबेस २०० मिमी; एकूण ६०० मिमी. पुढच्या आयुष्यात डिझाइन मार्गिकेवरून १ कोटी प्रमाण ॲक्सल जातील असा अंदाज आहे. प्रमाण ॲक्सल म्हणजे ८० किलोन्यूटनचा एकेरी ॲक्सल. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ झालेल्या ‘आशो’ (‘आशटो’चे जुने नाव) रस्ता चाचणीतून एक ढोबळ नियम हाती आला: नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. ॲक्सलवर २० टक्के जादा भार असेल, तर रस्त्याचे नुकसान दुपटीने होते. म्हणून ट्रक मोजणे पुरेसे नाही, ॲक्सल तोलावे लागतात.

पायी पाहणीत रस्त्याचे तीन भाग आपोआप वेगळे होतात. पहिल्या साडेपाच किलोमीटरांत चाकाच्या वाटेच्या कडेने लांबच्या लांब भेगा आहेत, पण पृष्ठभाग सपाट आहे. पुढचा दीड किलोमीटर सखल आहे. तिथे मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी, ठिगळांवर ठिगळे, आणि भेगांच्या तोंडाशी वाळलेला मातकट गाळ. शेवटचे दोन किलोमीटर चढाचे आहेत. भेगा थोड्या, पण चाकोऱ्या २० मिमी खोल आणि त्यांच्या कडेला डांबर वर फुगलेले.

त्या गाळाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मी आधी तोच शोधतो. चाक भेगेवरून जाताना खालचे पाणी दाबाने वर येते आणि बेसमधला बारीक माल सोबत आणते. गाळ दिसला, की खाली पाणी साचलेले आहे आणि बेस पोकळ होत चालला आहे, असे समजायला हरकत नाही.

डिफ्लेक्शन मोजताना

चाचणी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने केली. ३०० मिमी व्यासाच्या चकतीवर वजन पडते, ४० किलोन्यूटनचा क्षणिक धक्का बसतो आणि ठरावीक अंतरांवरचे सेन्सर पृष्ठभाग किती दबला ते, म्हणजे डिफ्लेक्शन, नोंदवतात. बेंकलमन बीमही अजून अनेक ठिकाणी वापरात आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘वाशो’ (पश्चिम अमेरिकेतल्या राज्यांची तशीच संघटना) रस्ता चाचणीच्या वेळी ते उपकरण तयार झाले. त्याच्यातून मिळते ते प्रामुख्याने एकाच बिंदूचे दबणे. दबल्यावर जी वाटी तयार होते तिचा आकार या नव्या यंत्रातून मिळतो, आणि दोष वरच्या थरांत आहे की मातीत, हे त्या आकारावरून ओळखता येते.

चाचणीच्या वेळी डांबरी थराचे तापमान ३४ अंश होते. पहिल्या भागात चकतीच्या मध्यावर सरासरी ०.५५ मिमी डिफ्लेक्शन आले. डांबर तापले की मऊ होते, म्हणून हा आकडा ‘आशटो’च्या २० अंशांच्या प्रमाण तापमानावर आणावा लागतो. तक्त्यातल्या गुणकाने तो ०.४४ मिमी झाला. ही दुरुस्ती केलीच नसती, तर पुढच्या हिशेबात जाडी २० मिमीहून जास्त फुगली असती. आणखी एक सावधगिरी: भारतीय रोड काँग्रेसच्या पद्धतींत प्रमाण तापमान ३५ अंश आहे. एका पद्धतीचे तापमान आणि दुसऱ्या पद्धतीचा आलेख अशी सरमिसळ झाली, तर उत्तर चुकीचे येते आणि दिसायला मात्र अगदी व्यवस्थित असते.

मध्यापासून ९०० मिमी अंतरावरच्या सेन्सरने ०.१०७ मिमी दाखवले. इतक्या दूरवरचे दबणे जवळजवळ सगळे मातीचे असते, म्हणून त्याला तापमानाची दुरुस्ती लागत नाही. मातीचा मॉड्युलस, म्हणजे तिच्या ताठपणाचे माप, काढायचे सूत्र सोपे आहे: ०.२४ गुणिले भार, भागिले डिफ्लेक्शन आणि अंतर यांचा गुणाकार. म्हणजे ०.२४ × ४०,००० ÷ (०.१०७ × ९००), सुमारे १०० मेगापास्कल. सेन्सर पुरेसा दूर आहे का, याचीही कसोटी आहे. ताणाच्या परिणाम-त्रिज्येच्या, म्हणजे भाराचा ताण मातीपर्यंत पोचताना जितका पसरतो त्याच्या, ०.७ पट अंतर हवे. इथे ते ६७५ मिमीच्या आसपास येते, तेव्हा ९०० चालते.

यानंतरच्या पायरीवर अनेकांचा पाय घसरतो. मोजणीतून उलट काढलेला १०० मेगापास्कल जसाच्या तसा डिझाइनमध्ये घालायचा नसतो. ‘आशटो’चे सूत्र ओटावाच्या चाचणीतल्या मातीवर बेतले आहे आणि त्या मातीचा मॉड्युलस सूत्रात ३,००० पौंड प्रति चौरस इंच धरलेला आहे. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या मोजणीचा आकडा त्या मापात बसवायला ०.३३ ने गुणावे लागते. म्हणजे डिझाइनसाठी माती ३३ मेगापास्कलची.

हा गुणक विसरला तर काय होते? १०० मेगापास्कल धरून लागणारा स्ट्रक्चरल नंबर, म्हणजे सगळ्या थरांची मिळून ताकद सांगणारा अंक, सुमारे ३.९४ येतो. रस्त्याजवळ आज आहे ४.११. म्हणजे कागदावर ओव्हरलेची गरजच उरत नाही! भेगाळलेल्या रस्त्याला एक कोटी ॲक्सलसाठी पास करणारे हे उत्तर एका दशांश गुणकाच्या विसरण्यातून येते. म्हणून सॉफ्टवेअर वापरले तरी या पायऱ्या एकदा तरी हाताने करून पाहाव्यात, असा माझा आग्रह असतो.

पहिला हिशेब

४.११ कुठून आला, तेही पाहू. मध्यावरचे ०.४४ मिमी आणि मातीचे १०० मेगापास्कल दोन थरांच्या समीकरणात घातले, की मातीवरच्या सगळ्या थरांचा मिळून मॉड्युलस अंदाजाने-दुरुस्तीने सापडतो: ४०० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ५८,००० पौंड प्रति चौरस इंच. प्रभावी स्ट्रक्चरल नंबर म्हणजे ०.००४५ गुणिले इंचांतली एकूण जाडी गुणिले या मॉड्युलसचे घनमूळ. ०.००४५ × २३.६ × ३८.७ = ४.११. हाच रस्ता नवा असता तर थरांच्या गुणांकांवरून (प्रत्येक थराची इंचामागची ताकद) ४.८४ आला असता. मधला फरक ही आजवरच्या वाहतुकीने खाल्लेली ताकद.

लागणारा अंक: विश्वासार्हता ९० टक्के, प्रमाण विचलन ०.४५, सेवा-निर्देशांक (रस्ता वापरायला किती चांगला, त्याचा अंक) ४.२ वरून २.५ पर्यंत उतरू द्यायचा, माती ३३ मेगापास्कल, ॲक्सल १ कोटी. उत्तर ५.७३. तूट १.६२. नव्या डांबरी मिश्रणाचा गुणांक ०.४४ धरला तर १.६२ ÷ ०.४४ = ३.६८ इंच, म्हणजे ९४ मिमी.

सखल भागाचे आकडे वेगळेच बोलतात. दुरुस्त केलेले मध्य-डिफ्लेक्शन ०.८३ मिमी, ९०० मिमीवर ०.१७८ मिमी. माती ६० मेगापास्कल, डिझाइनसाठी जेमतेम २०. थरांचा मॉड्युलस २००. प्रभावी अंक ३.२७, लागणारा ६.७०. ओव्हरले १९८ मिमी.

चढाच्या भागात डिफ्लेक्शन पहिल्या भागासारखेच. म्हणजे कागदावर तिथेही ९४ मिमी.

आता सगळ्या नऊ किलोमीटरांची मिळून सरासरी काढली, तर मध्य-डिफ्लेक्शन ०.५१ मिमीच्या आसपास येते आणि पूर्ण हिशेबातून जाडी निघते ११७ मिमी. प्रस्तावाला हवे होते ते हेच एकटे उत्तर. त्या उत्तराने साडेसात किलोमीटरांवर २३ मिमी माल जादा पडतो आणि सखल दीड किलोमीटरात ८१ मिमी कमी. जिथे दुखणे आहे तिथे औषध कमी, जिथे नाही तिथे जास्त. हा रस्ता उद्‌घाटनाच्या दिवशी एकसारखा काळाभोर दिसेल, आणि सखल भाग काही वर्षांतच पुन्हा फुटेल.

सरासरी घेणे मुळात चूक नाही. ‘आशटो’च्या पद्धतीत एका भागातली सरासरीच घालायची असते, कारण अनिश्चिततेची तरतूद विश्वासार्हतेच्या पदात वेगळी केलेली आहे, दोन्हीकडे सावधगिरी घातली तर ती दोनदा मोजली जाते. भारतीय रोड काँग्रेसच्या बेंकलमन पद्धतीत मोठ्या महामार्गांसाठी सरासरीत प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवतात, तिथे सावधगिरी आकड्यातच असते. दोन्ही पद्धतींना एक अट समान आहे: सरासरी एकजिनसी भागाचीच हवी.

जमीन उकरल्यावर

डिफ्लेक्शनने किती ते सांगितले. का, ते कोअर (रस्त्यातून कापून काढलेला दंडगोल नमुना) आणि चर सांगतात. बजेट आखडले की हीच कामे आधी कापली जातात, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. या प्रकरणातले तिन्ही निर्णय कोअर आणि चरांनीच फिरवले आहेत.

पहिल्या भागात भेगेवरच कोअर घेतले. भेग वरून सुरू होऊन ४० मिमीवर थांबते, खालचे डांबर शाबूत. या भेगा खालून वर आलेल्या थकव्याच्या नाहीत. पृष्ठभागावरचे डांबर उन्हाने आणि हवेने कडक होते, टायरच्या कडेला ताण पडतो आणि भेग वरून खाली उतरते. कोअर घेतला नसता तर पृष्ठभागावर पाहून हे कळले नसते.

चढावर मार्गिकेच्या आडवा चर खणला. चाकोरीखालच्या थरांच्या सीमारेषा सरळ आहेत; वाकली आहे ती फक्त वरच्या ६० मिमीची. चढावर अवजड गाड्या हळू जातात, भार प्रत्येक बिंदूवर जास्त वेळ राहतो आणि मऊ मिश्रण बाजूला सरकते. कडेचा फुगवटा त्याचीच खूण. या थरावर ९४ मिमी नवे डांबर टाकले तर अस्थिर थर आत कोंडला जाईल आणि चाकोरी पुन्हा वर येईल. डिफ्लेक्शनच्या आकड्यात याचा मागमूसही नव्हता, कारण क्षणिक धक्क्यात हे मिश्रण ताठच वागते. हळू हळू सरकणे त्या चाचणीत दिसत नाही.

सखल भागात कोअर अखंड निघालाच नाही. वरचे ९० मिमी हातात आले, खालचे खडीच्या ढिगासारखे सुटले. खडीवरून डांबर सोलले गेले होते. बेसमध्ये माती मिसळलेली. चर साइडपट्टीपर्यंत नेला तेव्हा मूळ कारण सापडले: खडीचे थर डांबराच्या कडेशीच संपवले होते आणि बाहेर चिकण मातीची साइडपट्टी भरली होती. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. भरीला बाजूचा नाला गाळाने सबबेसच्या पातळीपर्यंत भरलेला, मोरीचे तोंड अर्धे बंद, आणि साइडपट्टीवर साचत गेलेली माती डांबराच्या कडेपेक्षा उंच. रस्ता पाण्यात उभा होता.

निर्णय

पहिला भाग. भेगाळलेला ४० मिमी थर मिलिंगने, म्हणजे यंत्राने खरवडून, काढायचा. त्याचा गुणांक ०.३० धरला तर ०.४७ इतकी ताकद जाते, प्रभावी अंक ३.६४ उरतो, आणि नवा थर १२० मिमी लागतो. रस्त्याची पातळी ८० मिमीने वाढते. न खरवडता ९४ मिमीत भागले असते, हे खरे. पण जिवंत भेगेवर टाकलेल्या ओव्हरलेमध्ये तीच भेग खालून वर सरकत येते आणि जादा जाडी तिला फक्त उशीर लावते. २६ मिमी जास्त मिश्रण देऊन भेग मुळासकट जाते, आणि खरवडलेला माल खालच्या थराच्या मिश्रणात पुन्हा वापरता येतो. मला हा सौदा चांगला वाटतो. भेगा पूर्ण १५० मिमी खोल असत्या तर मात्र ४० मिमी मिलिंग निव्वळ खर्च ठरले असते.

चढाचा भाग. सरकलेला ६० मिमी थर पूर्ण काढायचा. तो भेगाळलेला नाही, म्हणून गुणांक ०.३५, ताकद ०.८३ ने घटते, नवा थर १४० मिमी. पातळी इथेही ८० मिमीच वाढते, तेव्हा दोन भागांच्या सांध्यावर पायरी येत नाही. जाडीपेक्षा इथे मिश्रण महत्त्वाचे: कोनदार खडीचा मजबूत सांगाडा, पॉलिमर-सुधारित डांबर, आणि मंद गतीच्या अवजड वाहतुकीसाठी एक पायरी वरचा बाइंडर (खडी बांधून ठेवणारे डांबर). शिवाय चाकोरी रुळवून पाहण्याची प्रयोगशाळेतली चाचणी मिश्रण मंजूर करण्याआधी व्हायला हवी.

सखल भाग. १९८ मिमी ओव्हरले हे गणिताचे उत्तर आहे, पण रस्त्याचे नाही. पातळी २०० मिमीने वाढली की कडेचे अडथळे ठेंगणे पडतात, साइडपट्ट्या उचलाव्या लागतात, दोन्ही टोकांना उतार जुळवावे लागतात. एवढे करूनही सोललेले डांबर आणि चिखल झालेला बेस खाली तसाच राहतो. म्हणून हा दीड किलोमीटर तळापासून नव्याने बांधायचा.

आधी नाला आणि मोरी मोकळी करायची, कडेने जमिनीखालून निचऱ्याची नळी टाकायची, सबबेस साइडपट्टीच्या आरपार बाहेर काढायचा. उघड्या पडलेल्या चिकण मातीचा वरचा थर चुना मिसळून स्थिर करायचा आणि पहिल्या भागाइतकी, म्हणजे डिझाइनमध्ये ३३ मेगापास्कलची, माती मिळाल्याचे मोजूनच पुढे जायचे. मग लागणारा अंक पुन्हा ५.७३. डांबर १९० मिमी, बेस २८० मिमी, सबबेस २१० मिमी घेतले तर ३.२९, १.५४ आणि ०.९१ मिळून ५.७४ होतात. एकूण जाडी ६८० मिमी, जुन्यापेक्षा ८० ने जास्त. शेजारच्या भागांशी पातळी जुळते.

या ५.७४ मध्ये एक गृहीत दडले आहे: निचऱ्याचा गुणांक १ धरला आहे. निचरा वाईट असेल आणि तो ०.८ वर आला, तर बेस आणि सबबेसचे २.४५ घसरून १.९६ होतात, बेरीज ५.२५ वर येते. ती तूट भरून काढायला २८ मिमी जादा डांबर लागेल, तेही फक्त हिशेबापुरते. नाला साफ ठेवण्याची किंमत याच्या तुलनेत नगण्य आहे.

जाता जाता वाहतुकीबद्दल. अंदाज पूर्ण चुकला आणि १ कोटीऐवजी २ कोटी ॲक्सल आले, तर पहिल्या भागातली मिलिंगविना जाडी ९४ वरून १२५ मिमी होते. वाहतूक दुप्पट, जाडी ३१ मिमीने जास्त. उलट माती आणि थर खराब निघाल्याने सखल भागात जाडी ९४ वरून १९८ झाली. बैठकांमध्ये वाद वाहतुकीच्या अंदाजावर होतो. तो वेळ थोडा मातीकडे वळवावा.

कामाचा क्रम

सखल भाग आधी, कारण तिथल्या खोदकामाची वाहने नव्या ओव्हरलेवरून जाता कामा नयेत. बाकीच्या भागांत खरवडलेला पृष्ठभाग धुळीपासून नीट साफ करून टॅक कोट, म्हणजे थर चिकटवणाऱ्या डांबरी इमल्शनचा पातळ हात. खरवडलेल्या खडबडीत पृष्ठभागाला गुळगुळीतपेक्षा जास्त इमल्शन लागते, आणि इथे हात आखडला तर नवा थर जुन्याशी चिकटत नाही. मग हिशेबात एकत्र धरलेले दोन थर प्रत्यक्षात सुटे-सुटे वाकतात आणि सगळी तूट-बेरीज निरर्थक होते.

१२० मिमी दोन थरांत: ७० मिमी बाइंडर कोर्स (खालचा थर) आणि ५० मिमी पृष्ठथर. चढावर ९० आणि ५०. थराची जाडी खडीच्या नाममात्र कमाल आकाराच्या किमान तिप्पट ते चौपट हवी, तरच रोलरखाली खडी नीट बसते. दाबल्यानंतर हवेच्या पोकळ्या ८ टक्क्यांच्या खाली आणायच्या. त्याच्या वर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत उतरू लागते. सांध्यांवर ही घनता सहसा कमी पडते, म्हणून कोअर मधूनच नव्हे, सांध्याजवळूनही घ्यायचे.

पुढच्या ओल्या हंगामाच्या शेवटी सखल भागात पुन्हा डिफ्लेक्शन मोजायचे. आता थर जाड आणि ताठ असल्याने १,२०० मिमीवरचा सेन्सर वाचायचा. माती १०० मेगापास्कलची असेल तर ४० किलोन्यूटनखाली तिथे ०.०८ मिमी यायला हवे. ०.१३ च्या आसपास आले तर माती पुन्हा ६० वर गेली असे समजायचे, आणि डांबराकडे न पाहता थेट नळीच्या तोंडाशी जाऊन पाणी बाहेर पडते आहे का ते पाहायचे.